हलू नका

२ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा एक फोटो परत आला. ओळखपत्राचा. गिऱ्हाईक म्हणजे पलीकडच्या गल्लीतला शिंपी, एरवी गरीब माणूस, पण आज फोटो काउंटरवर आपटलाच त्याने.

"काका, हापिसातली बाई विचारते, मागे तुमचा जुळा भाऊ उभा आहे का?"

चष्मा पुसून पाहिलं. कानाला दोन कडा, नाकाला दोन कडा. मी म्हटलं, तुम्ही हललात. तो म्हणाला, "हललो? तुम्ही हलू नका, हलू नका म्हणून इतका दम दिलात, की मी पापणीसुद्धा लववली नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

पुन्हा काढला. पुन्हा तेच. तो फोटो काउंटरवरच टाकून गेला. त्यापेक्षा चार शब्द बोलला असता तर बरं झालं असतं.

कारण मला पक्कं ठाऊक आहे. वरच्या मजल्यावर नाचाचा वर्ग निघाला आहे. पोरी धाडधाड उड्या मारतात, जमीन हादरते, माझ्या फोटोंचा सत्यानाश होतो. माझा हात तर कधी हलत नाही. ही म्हणायची, तुमचा हात म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा. म्हणूनच मी कॅमेऱ्याला स्टँड कधी लावलं नाही. ते कोपऱ्यात उभं आहे, त्याच्यावर हिची शाल टांगलेली असते. ही गेली तेव्हापासून तिथेच आहे. मी काढली नाही.

लेकीचा फोन आला. तिला कुठून कळतं कोण जाणे. "बाबा, परत फोटो परत आला ना? आपलं ठरलंय हं. असंच चाललं तर दुकान बंद आणि तुम्ही माझ्याकडे." मी म्हटलं, ठरलंय. ठरलंय खरं, पण ते मी फोन लवकर ठेवावा म्हणून म्हटलं होतं. तिच्या घरी जावई चांगला आहे, सगळे चांगले आहेत. पण तिथे सकाळी सगळे कामाला जातात आणि मग मी सोफ्यावर. इथे निदान दार उघडलं की कोणीतरी विचारतं, काका, किती वेळ लागेल?

ही वही तिनेच दिली आहे. कोणाशी बोलत नाही तर लिहा तरी, म्हणाली. लिहितो आहे. पेन बिघडलं आहे, अक्षर नाचतं.

३ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी वर जाऊन आलो. जिना चढता चढता काय काय बोलायचं ते घोकलं आणि दारात पोचेपर्यंत विसरलो.

नाचाच्या बाई एकट्याच होत्या. भिंतभर आरसे आहेत, ते पुसत होत्या. मी म्हटलं, तुमच्या मुलींमुळे माझे फोटो हलतात. बाईंनी फडकं खाली ठेवलं. "काका, गेला आठवडाभर वर्ग बंदच आहे. मुलींच्या परीक्षा चालल्यात. मीच इथे येऊन एकटी बसते."

मी म्हटलं, मग हादरतं कसं?

त्या म्हणाल्या, "बसा आधी. धाप लागलीये तुम्हाला." आणि पाणी दिलं. पेला काठोकाठ भरलेला! माझ्या शर्टावर, जमिनीवर, सगळीकडे सांडलं. बाईंनी फडक्याने जमीन पुसली. शिकलेल्या बाई, पण पाणी कसं द्यावं याची रीत नाही. पुसून झाल्यावर माझ्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "काका, घरी कोण कोण असतं?"

हा काय प्रश्न झाला? मी जमीन हादरते म्हणून सांगायला गेलो होतो. मी आहे आणि भिंतीवर हिचा फोटो आहे, असं सांगून उतरलो.

वर्ग बंद होता हे मला पटत नाही. आवाज येत नव्हता हे खरं. पण न आवाज करतासुद्धा नाचता येत असेल.

५ नोव्हेंबर, गुरुवार

रस्त्यावरून जाणारे ट्रकही असू शकतात. आज दिवसभर खुर्ची दारात टाकून बसलो. ट्रक गेला की काउंटरवरच्या काचेवर हात ठेवून बघायचो. काच थरथरते. ट्रक गेल्यावरसुद्धा बराच वेळ थरथरत राहते.

दुपारी नाचाच्या बाई खाली आल्या. मला वाटलं भांडायला आल्या. पण त्यांना काम द्यायचं होतं! वर्गाच्या भिंतीसाठी मुलींचे फोटो हवे आहेत. नुसते उभे नाहीत, उडी मारलेले. हवेत असतानाचे.

मी म्हटलं, बाई, मी आयुष्यभर माणसांना हलू नका म्हणून सांगत आलो. माझ्या खुर्चीवर बसून वारलेला माणूससुद्धा मी दिसायला बरा काढून दिला असता. उडी मारणारी पोर मला कशी जमायची?

बाई हसल्या. "म्हणूनच तुमच्याकडे आले. तुम्हाला हलणं चांगलं दिसतं. तक्रार घेऊन तुम्हीच वर आला होतात ना?"

हा शनिवार नाही, त्याच्या पुढचा शनिवार ठरला. मी हो म्हटलं. हे फोटो बिघडले तर वरच्या मजल्यावर कायमचे टांगलेले राहतील. आणि लेक या महिन्यात यायची आहे.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

लंब्याला फोन केला. तो दुकानांच्या मालाचे फोटो काढतो, चपला, बाटल्या, साबण. पूर्वी माझ्याकडे हाताखाली होता. आता त्याच्याच डोक्यावर केस राहिले नाहीत. उंची तेवढी आहे. दारातून आत येताना अजूनही कपाळ आपटतो.

त्याने दोन फ्लॅशचे दिवे आणून लावले, उजेड पसरवणाऱ्या छत्र्यांसकट. म्हणाला, "मास्तर, ठेवा. माझे हे पडूनच असतात. साबण काही उडी मारत नाही."

मी म्हटलं, उडीसाठी शटर किती जोरात ठेवू?

"शटर विसरा. शटरने नाही गोठत. अंधार करा खोलीत, पूर्ण. अंधारात कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही, शटर उघडं असलं तरी. मग दिवा चमकला की तेवढंच दिसतं. ती चमक इतकी छोटी की तेवढ्यात कोणाला हलायला वेळच नाही."

"मग दिवा पूर्ण जोरात लावतो."

"तीच चूक सगळे करतात. या दिव्याचा जोर कमी केला की चमक आखूड होते. जोर कमी, दिवा जवळ. मास्तर, म्हातारपणी हेच बरं, नाही का? जोर कमी, जवळ बसायचं."

फाजील आहे. पण चहा पिऊन गेला, बरं वाटलं. त्याने दोन्ही कप स्वतःच भरले आणि स्वतःच धुतले. माझा कप टेबलावरच ठेवला, हातात दिला नाही. हल्ली कोणालाच वागायची रीत राहिली नाही.

८ नोव्हेंबर, रविवार

दुकान बंद. उडी मारायला माणूस नाही. मी स्वतः मारली तर कॅमेरा कोण धरणार, आणि मला उचलणार कोण?

मग हिचा बटणांचा डबा काढला. काचेच्या वाडग्यात पाणी घेतलं, ते काउंटरवर ठेवलं. एका हाताने वरून बटण सोडायचं, दुसऱ्या हाताने कॅमेरा. दिवसभर टपटप बटणं टाकत बसलो. कोणी पाहिलं असतं तर लेकीला आजच बोलावून घेतलं असतं.

मला वाटलं लंब्याला काय कळतं. शटर जोरात ठेवलं. तर फोटोचा अर्धा भाग काळा! वाडगं आहे, बटण नाही. पुन्हा केलं. पुन्हा अर्धं काळं. दिवा फुटला की काय म्हणून अंगाला घाम सुटला. परक्याची वस्तू.

प्रत्येक बटण कुठल्या कपड्याचं ते आठवतं. निळं लेकीच्या शाळेच्या गणवेशाचं. मोठं तपकिरी माझ्या कोटाचं, तो कोट मी कोणाला दिला ते आठवत नाही. एक मोत्यासारखं पांढरं आहे, ते कशाचं ते हिलाच माहीत. हिच्या फोटोकडे बघून विचारलं. आपणच विचारायचं आणि आपणच गप्प बसायचं.

९ नोव्हेंबर, सोमवार

लंब्याला फोन करून ओरडलो, दिवा बिघडला. तो म्हणाला, "मास्तर, शटर जोरात ठेवलंत ना? सांगितलं होतं विसरा म्हणून. शटर पूर्ण उघडायच्या आतच दिवा चमकून जातो, म्हणून अर्धं काळं." मी म्हटलं, मी ठेवलं नव्हतं. तो म्हणाला, बरं, ज्याने ठेवलं त्याला सांगा, सावकाश ठेव.

सावकाश ठेवलं. आता बटण येतं, पण मागे धुरासारखी शेपटी. पुन्हा तेच दोन कडांचं भूत.

११ नोव्हेंबर, बुधवार

पडदा!

खिडकीचा पडदा अर्धवट होता. बाहेरचं ऊन आत येत होतं, आणि ती शेपटी त्या उन्हाची. जाड चादर ठोकली, दाराच्या फटीत फडकं कोंबलं, फ्लॅशच्या दिव्यातला सतत जळणारा छोटा बल्बसुद्धा बंद केला. ठेच लागली, स्टूल पाडलं. पण बटण सोडलं, चमक झाली आणि फोटोत काय आलं! पाण्याने मुकुटासारखे हात वर केले आहेत आणि मधे ते पांढरं बटण, त्याची चारही भोकं मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ. थेंब हवेत उभे. पडायचं विसरून गेल्यासारखे.

एकटाच हसलो मोठ्याने. मग कोणाला दाखवावं हे कळेना. फोटो हातात घेऊन दुकानात फिरलो. हिच्या फोटोसमोर धरला आणि खाली घेतला. वेडेपणा.

दुपारी शिंपी आला, चौकातल्या यंत्रात काढलेला फोटो चोरासारखा आला म्हणून. त्याला अंधारात बसवला. "काका, काय विचार आहे?" म्हणाला. एकच चमक. केस न केस मोजावा असा फोटो! त्याने फोटो दिव्याखाली धरून पाहिला. म्हणाला, "आज नाही म्हणालात, हलू नका." खरंच की. विसरलोच.

म्हणजे माझंच बरोबर होतं. जमीनच हादरत होती. फ्लॅशने जमिनीवर मात केली. लेकीला आता सांगता येईल.

१४ नोव्हेंबर, शनिवार

सकाळपासून जेवण गेलं नाही. वरच्या हॉलच्या खिडक्यांना बाईंनी आणि मोठ्या मुलींनी काळं कापड लावलं. मी दिवे मांडले. मुली अंधारात खिदळत होत्या.

सगळ्यात लहान पोर, समोरचे दोन दात पडलेली, तिला बाई "पिसू" म्हणतात, कारण एका जागी ठरत नाही. तिने विचारलं, "आजोबा, मी वर गेल्यावर सांगू का?"

"तू सांगेपर्यंत खाली येशील."

"मग तुम्हाला कसं कळेल?"

खरी गोम तीच आहे. वर पोचल्यावर बोट दाबलं तर उशीर होतो. ती वर जाणार असं वाटलं की आधीच दाबायचं. पहिले कितीतरी फोटो वाया गेले. कुठे नुसते पाय, कुठे उतरून उभी राहिलेली पोर. मग बाई टाळ्या वाजवू लागल्या, एक, दोन, आणि तिसऱ्या टाळीला उडी. मी डोळे जवळजवळ मिटून टाळीवर दाबू लागलो. आणि जमलं. पिसू हवेत, दोन्ही पाय दुमडलेले, वेणी डोक्याच्या वर उभी, तोंड उघडं. दात नसलेली जागासुद्धा स्पष्ट.

सगळ्या पोरी कॅमेऱ्याच्या पडद्याभोवती जमल्या. "मला दाखवा, मला दाखवा." माझ्या अंगावर इतकी माणसं किती दिवसांत रेलली नव्हती. कोणाच्या तरी केसांना साबणाचा वास होता.

मधेच पिसू म्हणाली, "आजोबा, तुमचा कॅमेरापण नाचतोय." बाईंनी तिला एकदम गप्प केलं, "जा, पाणी पी जा." मला नाही राग आला. मुलांना सगळंच नाचताना दिसतं.

बाई खालपर्यंत सोडायला आल्या. दिवे त्यांनीच उचलले. जिन्यात म्हणाल्या, "काका, कॅमेऱ्याला ते स्टँड का लावत नाही?" मी सांगितलं, खिळ्याला कोणी टेकू लावतं का?

१५ नोव्हेंबर, रविवार

कोणी आलं नाही. वर कोणी नाही. शांत.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

फोटो मोठे करून आले. बाईंनी लगेच टांगले. आठवडाभरात एकही फोटो परत आलेला नाही. शिंप्याने त्याच्या मेव्हण्याला पाठवलं. मी अंधारात काढतो म्हणून लोकांना मजा वाटते.

लेक शनिवारी येते आहे. फोनवर म्हणाली, बघू. तिचं "बघू" मला तिच्या आईकडून माहीत आहे. त्याचा अर्थ ठरलेला असतो.

शर्टाची वरची दोन बटणं लावायला फार वेळ जातो हल्ली. काजं लहान शिवतात. शिंप्याला सांगितलं पाहिजे.

२१ नोव्हेंबर, शनिवार

लेक आली. आल्या आल्या तिने फरशीवरचे चहाचे डाग पाहिले, मग मला पाहिलं, मग पिशवी ठेवली. मी तिला बसू दिलं नाही, आधी वर नेलं. पिसूच्या फोटोपुढे ती बराच वेळ उभी राहिली.

"बाबा, हे तुम्ही काढलंत?"

"मग काय लंब्याने?"

"एकटीच आहे किती ती, हवेत," म्हणाली. तिच्या आईसारखंच बोलते, भलतंच काहीतरी.

खाली आल्यावर मी आठवड्याचे सगळे फोटो तिच्यासमोर पसरले. एकही हललेला नाही. मी म्हटलं, ठरल्याप्रमाणे बोल आता. ती म्हणाली, "हो बाबा. चांगले आहेत. खरंच चांगले आहेत." मी जिंकलो होतो. तिच्या तोंडावर मात्र हरल्यासारखं नव्हतं काही. ती दुकानामागच्या खोलीत चहा करायला गेली.

चहा घेऊन आली तेव्हा मी दिवे लावून ठेवले होते. मला दाखवायचं होतं किती सोपं आहे. म्हटलं, "तू काढ माझा. तुलाही जमेल. सगळं दिवाच करतो." मी खुर्चीवर बसलो, चहाचा कप हातात घेतला. हिच्या आवडीचा, निळ्या कडेचा. म्हटलं, असाच काढ, बोलताना, नैसर्गिक. तिने खोलीतला दिवा बंद केला. अंधारात ती म्हणाली, "बाबा, हलू नका." आम्ही दोघंही हसलो. चमक झाली.

तिने फोटो आधी स्वतः पाहिला. मग कॅमेरा खाली ठेवला, माझ्यापुढे सरकवला नाही. मला घ्यावा लागला.

चेहरा छान आला आहे. हसतोय मी. हात स्वच्छ, नखंसुद्धा दिसतात. आणि कपाच्या वर चहा आहे. कपात नाही, वर. एक सबंध लाट कपाची कड सोडून निघाली आहे, पुढे थेंब, एकामागे एक, माझ्या शर्टाकडे निघालेले. बटणाच्या पाण्याने केला होता तसा मुकुट. मी काहीही टाकलेलं नव्हतं त्यात.

मी म्हटलं, ट्रक गेला असेल.

लेक म्हणाली, "गेला असेल."

कोणताही ट्रक गेला नव्हता. शनिवारी गल्लीत जड गाड्या सोडत नाहीत, हे मला माहीत आहे. शर्ट भिजला होता. चहा गरम होता, तरी मला आधी कळलं नव्हतं.

मग ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने माझा उजवा हात तिच्या दोन्ही हातांत धरून ठेवला. घट्ट. मी तिच्या हातांकडे बघत होतो. तिचे हातही हलत होते. माझ्यामुळे.

२२ नोव्हेंबर, रविवार

लेक आज जायची होती, थांबली. उद्या डॉक्टरांकडे जायचं आहे. दुकानाचं काय, मी विचारलं. ती म्हणाली, "दुकान कुठे पळून जातंय? आधी उद्याचं उद्या." तिने या वेळी बघू म्हटलं नाही.

परीक्षा संपल्यामुळे रविवारचा वर्ग होता. मी वर गेलो. बाईंना म्हटलं, मी तुमच्या मुलींना उगाच बोल लावला. त्या म्हणाल्या, जाऊ द्या हो. मला ते आणखी लागलं. म्हणून म्हटलं, तुमचंही थोडं चुकलंच, त्या दिवशी पाण्याचा पेला एवढा काठोकाठ भरून दिलात.

बाई मुलींच्या रांगेकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "काका, अर्धाच होता."

मग टाळी वाजली, मुली उडाल्या.

खाली आलो. काउंटरवर बटणांचं वाडगं तसंच होतं, पाण्याने भरलेलं. वर धाडधाड चालू होतं. मी वाडग्याजवळ खुर्ची ओढून बसलो आणि हात मांडीखाली दाबून धरले. पाणी काचेसारखं. तळाची बटणं एकेक दिसत होती. वर्ग सुटेपर्यंत बसलो. एकदाही हललं नाही.

लेक आत स्वयंपाक करत होती. कोपऱ्यातलं स्टँड ओढून मधे आणलं. त्याचे पाय गंजले होते, एक उघडेना, तिला हाक मारली नाही, गुडघ्याने दाबून उघडला. कॅमेऱ्याचा स्क्रू बसवायला फार वेळ लागला, पण बसला. वरून बोट काढलं तरी कॅमेरा तिथेच राहिला.

हिची शाल मात्र कुठे ठेवावी कळेना. खुंटी नाही दुसरी. बराच वेळ घेऊन उभा होतो. शेवटी अंगावर घेतली.